ताशी चार

कायतान बार्रेटो इंजिन आणतो
दोदोलाच्या रिकाम्या डब्यातून.
डब्यात मुलाची जुनी बनियन, बनियनीत इंजिन,
वीतभरही नाही.
"चढणीला रडतं, उतरणीला उधळतं,"
तो सांगतो, जावयाबद्दल सांगावं तसं.

कुडचड्याच्या बाजारात मी मोबाइल दुरुस्त करते.
पाटी अजून वडलांच्या घड्याळांची.

टोपण काढलं. चार स्क्रू बशीत.
मोटर बोटाच्या पेराएवढी,
तिच्या शेपटाशी पितळी चाक.
त्या चाकावर चिकटवायचं चुंबक,
उकड्या तांदळाच्या कणीएवढं,
आणि समोर, मिलिमीटर सोडून,
तीन पायांचा काळा सेन्सर बसवायचा.
चुंबक समोरून गेलं की तो म्हणणार: आलं.
पुन्हा गेलं की: आलं.
एवढीच त्याची नोकरी.
शिवायचं नाही, आणि लांबही जायचं नाही.

चिमटा पोलादाचा. चुंबक त्यालाच बिलगतं,
सोडत नाही.
पहिलं तर उंबऱ्यात पडलं
आणि खाणीच्या तांबड्या धुळीतून
दाढी वाढवून उठलं.
शेवटी केरसुणीतली हिराची काडी मोडली,
टोकाला मेण लावलं,
लाइट जाते तेव्हाच्या मेणबत्तीचं.
श्वास धरून टेकवलं. बसलं.

कायतान कुळ्याला बँकर चालवायचा,
घाटात गाडीला मागून रेटणारं इंजिन.
एकतीस वर्षं.
लोक विचारतात धबधब्याचं.
तो सांगतो शेवटच्या डब्याचं:
बफरचं ग्रीस, लाल दिवा,
खडूने कुणीतरी लिहून ठेवलेला नंबर.
गाडीचं तोंड त्याने घाटात पाहिलंच नाही.
पुढच्याची शिटी ऐकायची
आणि रेटायचं.

आता उजवा हात थरथरतो.
चहा तो डाव्या हाताने घेतो,
आणि घेण्याआधी उगाच चष्मा पुसत बसतो.

तीन तारा जोडल्या, केसाएवढ्या:
लाल, काळी, आणि बातमी आणणारी पिवळी.
स्क्रीनवर शून्य.
सेन्सर जिवंत आहे का ते बघायला
जादाचं चुंबक हिराच्या टोकाला लावून
मी त्याच्या हातात दिलं,
घाईत, उजव्याच हातात.
"हे समोर धरा. हलवू नका."

इंजिन उघडं, मोटर बंद,
आणि आकडा चालू लागला.
दोन. तीन. चार.
चारवर राहिला.
ताशी चार किलोमीटर.

मी म्हणाले, कुठेतरी सोल्डर कच्चं असेल.
सोल्डर पक्कं होतं. मला माहीत होतं,
आणि तो काही खुळा नव्हता.

बराच वेळ तो स्क्रीनकडे बघत राहिला.
बाहेर पदेराच्या सायकलचा भोंपू वाजून गेला.
"चार," तो म्हणाला.
"मागून गाडीला लागताना चारच ठेवायचो, बाय.
पाच झाले की गार्डाचा चहा सांडायचा."
मग हसला. आकडा हसण्याबरोबर सहावर गेला,
परत चारवर आला.
"पळय गे, हांव अजून चलतां."

फळीखाली वडलांचे घड्याळांचे जाडे कॅटलॉग घालून
मी घाट केला.
इंजिन चढलं, रडलं नाही.
मोटर मंदावली की सेन्सर सांगायचा,
वीज वाढायची, इतकंच.
उतरलंही शहाण्यासारखं.
त्याने ते नीट पाहिलंच नाही.
खिशातून एक रिकामी वाघीण काढली,
रुळावर ठेवली,
आणि इंजिन तिच्या मागून येऊ दिलं.
कान फळीला लावून बसला.
टक्‌सुद्धा वाजलं नाही.

सगळ्यात हळू वेगाच्या रकान्यात मी चार लिहिला.
बिलावर लिहिलं, सेन्सर तपासला, ठीक.
पैसे त्याने डाव्या हाताने मोजले.

हिराची काडी टेबलावरच राहिली.
रात्री दुकान बंद करताना पाहिलं,
चिमट्याला जाऊन चिकटली होती.